फादर ब्रायन हेहिर, अण्वस्त्रे आणि १९८३चे बिशपांचे पत्र: पद्धत समजून घेऊ

टोकदार

परराष्ट्र धोरणात धर्माने बोलावे का, हा वाद निघाला की गाडी दोनच ठाण्यांवर जाऊन थांबते. एक, धर्म हेच भांडणाचे मूळ. दोन, सगळे धर्म शांतताच शिकवतात. मंत्रालयात फाइल पुढ्यात घेऊन बसलेल्या माणसाला दोन्हींचा काडीचा उपयोग नाही. म्हणून या धाग्यात एकच माणूस आणि त्याची कामाची पद्धत घेतो.

जे. ब्रायन हेहिर. जन्म १९४०, बॉस्टन धर्मप्रांताचे धर्मगुरू, दीक्षा १९६६. हार्वर्डमधून धर्मशास्त्राची डॉक्टरेट. १९७३ ते १९९२ वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेच्या बिशपांच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय आणि सामाजिक प्रश्नांचे काम. १९८४ साली मॅकआर्थर फेलोशिप. पुढे जॉर्जटाउन, मग हार्वर्ड. तिथल्या डिव्हिनिटी स्कूलची धुरा सांभाळणारे ते पहिले कॅथलिक धर्मगुरू. मधली काही वर्षे कॅथलिक चॅरिटीज या देशव्यापी सेवासंस्थेचे अध्यक्ष, नंतर केनेडी स्कूलमध्ये प्राध्यापक. थोडक्यात, सकाळी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आणि दुपारी क्षेपणास्त्रांवर व्याख्यान.

त्यांचे सर्वांत वजनदार काम त्यांच्या नावावर नाही. ३ मे १९८३ रोजी शिकागोत अमेरिकेच्या बिशपांनी युद्ध, शांतता आणि अण्वस्त्रे यांवरचे पत्र २३८ विरुद्ध ९ मतांनी मंजूर केले. इंग्रजीत 'द चॅलेंज ऑफ पीस'. सही बिशपांची, पण मसुद्याच्या वाक्यावाक्यात हेहिर आहेत.

पत्र कसे तयार झाले ते आधी बघा, कारण निम्मी शिकवण तिथेच आहे. समितीचे अध्यक्ष जोसेफ बर्नार्डिन. सोबत चार बिशप, आणि ते निवडलेलेच असे की एकमत सहजासहजी होऊ नये. डेट्रॉइटचे टॉमस गंबलटन कट्टर शांततावादी. जॉन ओ'कॉनर नौदलात आयुष्य घालवलेले लष्करी धर्मगुरू. डॅनियल रायली आणि जॉर्ज फुलचर मधले. हेहिर आणि एडवर्ड डोहर्टी कर्मचारी म्हणून, आणि मुख्य सल्लागार येलचे राज्यशास्त्रज्ञ ब्रूस रसेट. साक्षी कुणाच्या घेतल्या? बायबलचे अभ्यासक, नीतितज्ज्ञ, डॉक्टर आणि थेट सरकारातली माणसे. संरक्षणमंत्री कॅस्पर वाइनबर्गर, शस्त्रनियंत्रण विभागाचे यूजीन रोस्टो, परराष्ट्र खात्याचे लॉरेन्स ईगलबर्गर.

पहिला मसुदा जून १९८२चा. दुसरा त्याच वर्षीच्या शरद ऋतूत, नोव्हेंबरच्या सभेत त्यावर जाहीर चर्चा. तिसरा एप्रिल १९८३चा. मधे जानेवारी १९८३मध्ये रोममध्ये दोन दिवसांची बैठक, अध्यक्षस्थानी कार्डिनल रात्सिंगर (पुढचे पोप सोळावे बेनेडिक्ट). तिथे पश्चिम जर्मनी आणि फ्रान्सचे बिशप अस्वस्थ होते, आणि त्यांचेही खरे होते. नाटोचे अख्खे संरक्षण 'सोव्हिएत रणगाडे आले तर वेळ पडल्यास आम्ही आधी अण्वस्त्र वापरू' या धमकीवर उभे होते. अमेरिकेचे बिशप तीच धमकी काढून घ्यायला सांगत होते.

मसुदे जाहीर करून चर्चेला ठेवणे ही कॅथलिक चर्चमध्ये तेव्हा नवलाची गोष्ट. व्हाइट हाउसच्या सुरक्षा सल्लागारांनी, विल्यम क्लार्क यांनी, बर्नार्डिनना हरकतींचे लांब पत्र लिहिले आणि ते वर्तमानपत्रात छापून आले. तिसऱ्या मसुद्यात नव्या अण्वस्त्रांची चाचणी, निर्मिती आणि तैनाती 'थांबवा'ऐवजी 'आवरा' असे सौम्य क्रियापद आले. सरकारने लगेच समाधान व्यक्त केले आणि तेच बिशपांना खटकले. शिकागोत मतदानाने 'थांबवा' परत आले. दुसऱ्या दिवशी, ४ मेला, प्रतिनिधीगृहाने अण्वस्त्र गोठवणुकीचा ठराव मंजूर केला. एकामुळे दुसरे झाले असे नाही, पण वारे कुठे वाहत होते ते कळते.

आता पद्धत. मला ती चार पायऱ्यांत दिसते.

पहिली पायरी, श्रोते दोन आहेत हे मान्य करणे. एक कॅथलिक समाज, त्याच्याशी बायबलच्या आणि श्रद्धेच्या भाषेत. दुसरा सगळा नागरी समाज, त्याच्याशी निसर्गनियम (कोणत्याही माणसाला विवेकाने कळणारी नीती) आणि विवेकाच्या भाषेत, कुणाला बाप्तिस्मा न घेताही पटेल अशा युक्तिवादाने. हा वारसा जॉन कोर्टनी मरे या जेझुइट विचारवंताचा. १९६५च्या धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यामागचे डोके त्यांचेच.

दुसरी, तत्त्व आणि तारतम्य वेगळे ठेवणे. निरपराध नागरिकांना मुद्दाम मारणे चूक, हे तत्त्व. ते सर्वांवर बंधनकारक. 'म्हणून नाटोने प्रथम वापराचे धोरण सोडावे' हा तारतम्याचा निर्णय. त्यात माहिती, अंदाज आणि लष्करी शक्यता मिसळलेल्या असतात. एखादा कॅथलिक सेनापती इथे सद्भावनेने वेगळे मत देऊ शकतो, असे पत्रातच लिहिले आहे.

तिसरी, तांत्रिक बाजू तज्ज्ञांइतकी पक्की करणे. क्षेपणास्त्राचा पल्ला, अचूकता, सायलोची (क्षेपणास्त्र ठेवायच्या जमिनीखालच्या कोठाराची) ताकद यांत चूक सापडली की नीतीचा मुद्दा कुणी ऐकतच नाही.

चौथी, निष्कर्ष धोरणाच्या खाचेत बसेल असा लिहिणे. 'शांतता नांदो' यावर संसदेत मतदान होत नाही. 'सर्वंकष चाचणीबंदी करार करा' यावर होते.

प्रश्न विचारा. जमेल तशी उत्तरे देतो.

पाचूबंदर

चांगला धागा. बाहेरच्यांचा एक गोंधळ आधी दूर करतो. बिशपांच्या परिषदेचे पत्र आणि पोपचे विश्वपत्र यांचे वजन सारखे नसते. पोप तेविसावे जॉन यांचे शांततेवरचे विश्वपत्र (११ एप्रिल १९६३) किंवा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा १९६५चा दस्तऐवज हे जगभरच्या चर्चसाठी. एका देशाच्या बिशपांचे पत्र त्या देशातल्या माणसांसाठी, आणि रोममधल्या त्या बैठकीत नेमका हाच प्रश्न निघाला होता की राष्ट्रीय परिषदेला शिकवण देण्याचा अधिकार आहे का. त्याचे उत्तर १९९८ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी दिले. परिषदेचे सैद्धांतिक निवेदन एकतर एकमताने हवे, नाहीतर दोनतृतीयांश बहुमत आणि वर रोमची मान्यता. २३८ विरुद्ध ९ हे बहुमत दांडगे असले तरी एकमत नव्हे. आज तेच पत्र काढायचे तर आधी रोमला पाठवावे लागेल.

दुसरे, वर्तमानपत्रांनी अण्वस्त्रांचा भाग उचलला, पण पत्रात धर्मप्रांतातल्या रोजच्या जगण्याचा भागही मोठा आहे. शुक्रवारी मांसाहार टाळणे आणि उपास, शांततेसाठी प्रायश्चित्त म्हणून, हा संकल्प बिशपांनी आधी स्वतःसाठी केला आणि मग लोकांना सुचवला (परिच्छेद २९८). वसईत शुक्रवार पाळणाऱ्या घरांना हा धागा लगेच कळेल. धोरणाची टिपणे लिहिणाऱ्या संस्था असे काही लिहीत नाहीत.

निवडुंग

टोकदार, पद्धत ठीक आहे, पण पत्राचा गाभाच पोकळ आहे असे माझे मत. तर्क असा बघा:

शहरे बेचिराख करणे कोणत्याही परिस्थितीत निषिद्ध. हे पत्र म्हणते.
जे करणे निषिद्ध, त्याचा पक्का इरादा बाळगणेही निषिद्ध. हे नीतिशास्त्र म्हणते.
धाक (म्हणजे 'हल्ला केलात तर अण्वस्त्र टाकू' ही शत्रूला रोखणारी धमकी, डिटरन्स) टिकतो तो इराद्यावर. इरादा नाही असे शत्रूला कळले की धाक संपला.
तरी पत्र धाकाला सशर्त मान्यता देते.

यातले एक वाक्य तरी खोटे असले पाहिजे. जॉन फिनिस, जोसेफ बॉइल आणि जर्मेन ग्रिझे या तीन कॅथलिक तत्त्वज्ञांनी १९८७मध्ये हाच युक्तिवाद पुस्तकभर मांडला आणि निष्कर्ष काढला की धाक सोडलाच पाहिजे, परिणाम काहीही होवोत. मेथडिस्ट बिशपांनीही १९८६मध्ये धाक सरळ नाकारला. हेहिर यांनी तर्काऐवजी राजकारणाला पसंती दिली असे का म्हणू नये?

मंजिरी_क

@निवडुंग, तर्क बरोबर उतरवलात, पण पत्राची मांडणी तिसऱ्या ओळीपाशी वेगळी वळते. आधी तीन प्रकारचे वापर वेगळे काढलेत:

लोकवस्तीवर हल्ला (परिच्छेद १४७ ते १४९): कधीच नाही. शत्रूने आपली शहरे उडवली तरी बदल्यात नाही.

अण्वस्त्र आधी वापरणे (१५० ते १५६): समर्थनाची कोणतीही परिस्थिती दिसत नाही. मात्र नाटोने पारंपरिक सैन्य वाढवायला वेळ लागेल हेही मान्य. मॅकनमारा, बंडी, केनन आणि जेरार्ड स्मिथ या अमेरिकी सरकारात मोठी पदे भूषवलेल्या चौघांनी १९८२च्या वसंतात हीच मागणी केली होती, त्यामुळे बिशप एकटे नव्हते.

मर्यादित अणुयुद्ध (१५७ ते १६१): इथे बंदी नाही, अविश्वास आहे. मर्यादा टिकेल हे कशावरून? सेनापतींना पुरेशी माहिती मिळेल का? बटणे दाबण्याच्या गडबडीत कुणी मोजमाप करील का? किरणोत्साराचे काय? सिद्ध करायची जबाबदारी 'मर्यादा टिकेल' म्हणणाऱ्यावर टाकली आहे.

मग १६२ ते १९९ धाकावर. तुमचा इराद्याचा प्रश्न त्यांनी सोडवलेला नाही, तो दाबून लहान केला आहे. वापराचे बहुतेक मार्ग बंद केले, पण शेवटचे दार कुलूप न लावता नुसते लोटून ठेवले. पूर्ण बंद केले असते तर धाक संपला असता आणि पोपशीही विसंगती झाली असती. जून १९८२मध्ये दुसरे जॉन पॉल यांनी संयुक्त राष्ट्रांना संदेश दिला होता की समतोलावर आधारलेला धाक, स्वतः ध्येय म्हणून नव्हे तर क्रमाक्रमाने निःशस्त्रीकरणाकडे जाणारी पायरी म्हणून, अजून नैतिकदृष्ट्या स्वीकारार्ह मानता येईल. या चौकटीच्या बाहेर अमेरिकेचे बिशप जाऊ शकत नव्हते. हे राजकारण म्हणा, पण खालच्या खोलीत बसणाऱ्याला वरच्या मजल्याचे वजन पेलावेच लागते.

अटी मात्र दात असलेल्या आहेत (१८८):

१. धाकाचा हेतू फक्त दुसऱ्याने वापरू नये इतकाच. त्यामुळे दीर्घ अणुयुद्ध 'लढून जिंकण्याच्या' योजना बाद.
२. माप 'पुरेसे आहे का' हे. वरचढ होण्याची धडपड बाद.
३. प्रत्येक नवे शस्त्र, प्रत्येक नवे धोरण निःशस्त्रीकरण जवळ आणते की लांब नेते, या कसोटीवर.

या तिन्ही एका वेळी लावून बघा. एमएक्स क्षेपणास्त्र: अतिशय अचूक, शत्रूचे सायलो फोडणारे, आणि स्वतः सायलोत असल्याने हल्ल्याला उघडे. म्हणजे आधी सोडले तरच कामाचे. संकटात दोन्ही बाजूंना 'लवकर सोडा नाहीतर गेले' अशी घाई होते. पहिल्या अटीत नापास, तिसऱ्यातही नापास. परिच्छेद १९०मध्ये अशा शस्त्रांना विरोध आहे आणि अनेक तज्ज्ञ एमएक्स व पर्शिंग-२ यांना या वर्गात धरतात असे तळटीप सांगते. पाणबुडीवरची, कमी अचूक पण सुरक्षित क्षेपणास्त्रे त्या मानाने बरी ठरतात. शांततावाद्यांना हे ऐकायला विचित्र वाटते, पण गणित तसेच निघते.

टोकदार

मंजिरी, १८० परिच्छेद राहिला. सरकारने लिहून दिले होते की अमेरिका सोव्हिएत जनतेला जनता म्हणून लक्ष्य करत नाही. बिशपांनी ते मान्य केले आणि पुढे आकडे ठेवले: अमेरिकेच्या लक्ष्ययोजनेत एकट्या मॉस्कोत ६० 'लष्करी' लक्ष्ये, आणि अख्ख्या सोव्हिएत संघात ४०,०००. एका शहरात ६० अणुबॉम्ब टाकून 'नागरिक लक्ष्य नव्हते' म्हणणे कागदावर खरे ठरेल, पण प्रमाणाच्या तत्त्वावर (होणारी हानी साधणाऱ्या हेतूच्या मानाने बेसुमार नको) ते टिकत नाही. नागरिक-सैनिक भेद आणि प्रमाण या दोन वेगळ्या चाळण्या आहेत. एकीतून निसटलेले दुसरीत अडकते. वादात लोक पहिलीवरच थांबतात आणि तिथेच फसतात.

शेष_प्रश्न

भारताला ही मोजपट्टी लावली तर? आपण तर 'प्रथम वापर नाही' म्हणतो. म्हणजे बिशपांच्या कसोटीत आपण पास?

मंजिरी_क

अर्धे पास. जानेवारी २००३मध्ये सरकारने जाहीर केलेला सिद्धांत बघा. प्रथम वापर नाही, किमान विश्वासार्ह धाक, अण्वस्त्र नसलेल्या देशांविरुद्ध वापर नाही. 'किमान' हे पत्रातल्या 'पुरेसे'च्या अगदी जवळचे. इथपर्यंत छान.

पण त्याच सिद्धांतात आहे की हल्ला झाला तर प्रत्युत्तर प्रचंड असेल आणि असह्य नुकसान करणारे असेल. लाहोर किंवा कराचीसारख्या दाट वस्तीच्या शहरांच्या संदर्भात प्रचंड म्हणजे काय, याचा विचार करा. १४७ ते १४९ म्हणतात की शत्रूने आधी आपली शहरे उडवली तरी बदल्याचा हल्ला निषिद्धच. त्या निकषावर प्रचंड प्रत्युत्तराची घोषणा टिकत नाही. शिवाय जैविक किंवा रासायनिक मोठा हल्ला झाल्यास अण्वस्त्राचा पर्याय राखून ठेवलाय. म्हणजे 'प्रथम वापर नाही' याला अपवाद.

'मग प्रत्युत्तर छोटे ठेवा' म्हणावे, तर मर्यादित अणुयुद्धाबद्दलची सगळी शंका (१५७ ते १६१) अंगावर येते. प्रचंड म्हणा किंवा छोटे म्हणा, दोन्हीकडे पेच. १९८३चे पत्र हा पेच सोडवत नाही, फक्त कुठे आहे ते बोट ठेवून दाखवते.

ओसाडगाव

उजव्या बाजूची टीकाही नोंदवतो, नाहीतर धागा एकांगी होईल. जॉर्ज वायगेल आणि जेम्स टर्नर जॉन्सन या अमेरिकी विचारवंतांचे म्हणणे असे की हेहिर यांनी न्याय्य युद्धाची परंपरा उलटी केली. ऑगस्टीन आणि थॉमस अक्वायनास या जुन्या ख्रिस्ती विचारवंतांकडे सुरुवात होते राज्यकर्त्याच्या कर्तव्यापासून: अन्याय रोखणे, निरपराधांचे रक्षण करणे. युद्ध हे त्या कर्तव्याचे एक साधन. पत्रात मात्र सुरुवातच 'कौल युद्धाविरुद्ध' अशी आहे आणि प्रत्येक निकष तो कौल उलटवायला पुरेसे कारण आहे का, हे तपासायला लावलेला. सुरुवात कुठून करता यावर शेवट ठरतो, हा जॉन्सन यांचा मुद्दा मला दमदार वाटतो.

व्यवहारात काय बिघडते ते बघा. निकष सात: न्याय्य कारण, योग्य अधिकारी, तुलनात्मक न्याय, योग्य हेतू, शेवटचा उपाय, यशाची शक्यता, प्रमाण. यातला 'शेवटचा उपाय' सगळ्यांत पुढे ढकलला की युद्ध कधीच न्याय्य ठरत नाही, कारण आणखी एक वाटाघाटीची फेरी नेहमीच शक्य असते. रवांडात १९९४मध्ये जगाने हेच केले.

टोकदार

@ओसाडगाव, टीकेतला अर्धा भाग मान्य. पण 'शेवटचा उपाय' म्हणजे यादीतले सगळे उपाय संपेपर्यंत थांबणे असा अर्थ घेतला तर तो निकषाचा चुकीचा वापर आहे. वाजवी उपाय करून झाले का, एवढाच प्रश्न असतो. आणि हेहिर हस्तक्षेपाचे विरोधक नाहीत. १९९०च्या दशकात बॉस्निया आणि रवांडानंतर त्यांची भूमिका साधारण अशी झाली: दुसऱ्याच्या देशात घुसायचे नाही हा मूळ नियम राहू द्या, १६४८च्या वेस्टफालियाच्या तहापासूनची ती भिंत उगीच पाडू नका. पण हस्तक्षेपाची न्याय्य कारणे फक्त वंशसंहारापुरती ठेवू नका, थोडी रुंद करा. आणि कारणे रुंद केली की परवानगी देणारा हात अरुंद करा: एकट्या देशाने ठरवायचे नाही, अनेक देशांनी मिळून. कारण सैल आणि अधिकारही सैल, असे झाले की बलवान देशाला मोकळे रान मिळते.

२००३चा इराक याच चौकटीत बघा. अमेरिकी बिशपांच्या परिषदेचे तेव्हाचे अध्यक्ष विल्टन ग्रेगरी यांनी १३ सप्टेंबर २००२ रोजी बुश यांना पत्र लिहिले. सद्दाम वाईट नाही असे त्यात कुठेही नाही. मुद्दे निकषांच्या क्रमाने: ११ सप्टेंबरच्या हल्ल्याशी थेट संबंध किंवा अगदी जवळ आलेला गंभीर धोका यांचा स्पष्ट पुरावा कुठे आहे, अधिकार कुणाचा, यशाची शक्यता किती, युद्धानंतर प्रदेशाचे काय होईल. मार्च २००३मध्ये पोपने कार्डिनल पिओ लागी यांना व्हाइट हाउसला पाठवले. युद्ध थांबले नाही. पण कारण आणि अधिकार या दोन जागी बोट ठेवले होते, आणि पुढे शस्त्रे सापडली नाहीत तेव्हा कारणाची बाजूच कोसळली.

मध्य अमेरिकेचेही उदाहरण याच कप्प्यातले. एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांनी १७ फेब्रुवारी १९८० रोजी अध्यक्ष कार्टर यांना लष्करी मदत देऊ नका असे लिहिले, आणि २४ मार्चला मिस्सा अर्पण करताना त्यांची हत्या झाली. अमेरिकेच्या बिशपांनी पुढे लष्करी मदतीला विरोध केला, तो तिथल्या स्थानिक चर्चकडून येणाऱ्या माहितीच्या जोरावर. परराष्ट्र खात्याची वकिलात राजधानीत असते. चर्च खेड्यात असते.

पाचूबंदर

या शेवटच्या दोन वाक्यांवर हेहिर यांचा आणखी एक मुद्दा उभा आहे. चर्चकडे सार्वजनिक जीवनात आणण्यासारख्या तीन गोष्टी: विचार, संस्था आणि माणसे. धर्म आणि शांतता यांवर लिहिणारे पुष्कळ लोक पहिल्यावरच अडकतात, ग्रंथातले उतारे काढत बसतात. संघर्ष मिटवताना बहुधा दुसरी आणि तिसरी कामाला येते.

मोझांबिक घ्या. फ्रेलिमोचे सरकार आणि रेनामोचे बंडखोर. जुलै १९९०मध्ये रोममध्ये संत एजिदिओ या कॅथलिक गृहस्थांच्या संघटनेच्या जागेत बोलणी सुरू झाली आणि ४ ऑक्टोबर १९९२ रोजी करार झाला. मध्यस्थ चार: संघटनेचे आंद्रेया रिकार्दी आणि फादर मात्तेओ झुप्पी (आज कार्डिनल), मोझांबिकमधल्याच बैराचे आर्चबिशप जैमे गोन्साल्व्हिस, आणि इटली सरकारचे मारिओ राफाएल्ली. रचना बघा. स्थानिक बिशप, ज्याला दोन्ही बाजू ओळखतात. बाहेरची संघटना, जिच्याकडे सैन्य नाही म्हणून भीती नाही. आणि एक सरकार, ज्याच्याकडे पैसा आणि राजनैतिक वजन आहे. तिन्हींतला एक काढला तर बाकीचे दोन तोकडे पडतात. अंमलबजावणीसाठी पुन्हा संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना लागलीच. नुसत्या सद्भावनेने बंदुका गोळा होत नाहीत.

निवडुंग

आणि रवांडा? लोकसंख्येत कॅथलिक सर्वांत मोठा गट, शाळा-दवाखाने चर्चचे, संस्था आणि माणसे भरपूर. राजधानीचे आर्चबिशप कित्येक वर्षे सत्ताधारी पक्षाच्या मध्यवर्ती समितीवर. १९९४मध्ये लोक चर्चमध्ये आसऱ्याला गेले आणि तिथेच मारले गेले. तुमच्या तीन गोष्टी दुधारी आहेत.

पाचूबंदर

दुधारी आहेतच, नाकारत नाही. नोट्र डेम विद्यापीठाचे स्कॉट ॲपलबी यांचा सगळा अभ्यास याच धारेवर आहे: पवित्रतेची ओढ माणसाला दोन्हीकडे नेऊ शकते, आणि कुठे नेईल ते त्या समाजात धार्मिक शिक्षण किती खोल, नेतृत्व सत्तेपासून किती सुटे आणि इतर गटांशी संबंध किती घट्ट यावर ठरते. रवांडात दुसरी बाब तुटलेली होती. सत्तेच्या समितीत बसलेला बिशप मध्यस्थ होऊ शकत नाही. गोन्साल्व्हिस होऊ शकले ते फ्रेलिमोपासून अंतर राखून होते म्हणून.

राजदूतासाठी यातून निघणारी कामे अगदी साधी. पोस्टिंगच्या देशात कुठला धर्म किती टक्के, एवढे विचारून भागत नाही. नेमणुका कोण करतो, पैसा कुठून येतो, शाळा-दवाखाने कुणाचे, कोणता नेता कोणत्या पक्षाच्या मंचावर दिसतो, आणि तरुण धर्मगुरू वरिष्ठांशी सहमत आहेत का, हे विचारावे लागते. ॲपलबी आणि इव्हँजेलिकल नेते रिचर्ड सायझिक यांच्या सहअध्यक्षतेखाली २०१०मध्ये शिकागो कौन्सिलचा अहवाल आला, त्यातला रोख हाच होता: परराष्ट्र खात्याने धर्म समजणारी माणसे तयार करावीत. ऑगस्ट २०१३मध्ये तेव्हाचे परराष्ट्रमंत्री जॉन केरी यांनी त्यासाठी खात्यात स्वतंत्र कार्यालय उघडले.

शेष_प्रश्न

पण आज हे सगळे जुने झाले ना? पोप फ्रान्सिस यांनी अण्वस्त्रे बाळगणेच चूक ठरवले. मग सशर्त मान्यता संपली?

मंजिरी_क

संपली म्हणा किंवा अटीच मोडल्यामुळे मान्यता आपोआप रद्द झाली म्हणा. मला दुसरी मांडणी जास्त नेमकी वाटते. मान्यता तिसऱ्या अटीवर टांगलेली होती: निःशस्त्रीकरणाकडे वाटचाल. शीतयुद्ध संपून पंचवीस वर्षे झाली तरी अण्वस्त्रधारी देश आधुनिकीकरणच करत राहिले. सप्टेंबर २०१७मध्ये व्हॅटिकनने अण्वस्त्रबंदी करारावर सही करून मान्यताही दिली, आणि नोव्हेंबरमध्ये पोप फ्रान्सिस यांनी वापराच्या धमकीसोबत बाळगण्याचाही निषेध केला. २०१९मध्ये हिरोशिमात तेच पुन्हा. १९८३च्या चौकटीत बसवले तर हा निकाल त्या चौकटीतूनच निघतो.

एक फरक मात्र ढोबळ करू नका. बाळगणे चूक ठरले म्हणजे सायलोत ड्यूटीवर असलेल्या कॅथलिक सैनिकाने उद्या राजीनामा द्यावा असा थेट निष्कर्ष निघत नाही. १९८३च्या पत्रात सैनिक, शस्त्रकारखान्यातले कामगार, शास्त्रज्ञ आणि अधिकारी यांच्याशी वेगवेगळे बोलले आहे (३०१च्या पुढे). कामगारांबाबत तर म्हटले की विवेकाने नोकरी सोडणारा आणि विवेकाने राहणारा, दोघांनाही चर्चने आधार द्यावा. टेक्सासमधल्या अमॅरिलोचे बिशप मॅथिसन यांनी १९८१मध्ये पॅन्टेक्सच्या कामगारांना, जिथे अण्वस्त्रांची जुळणी होते, नोकरीचा फेरविचार करायला सांगितले होते. पत्र तितके पुढे गेले नाही.

ओसाडगाव

शेवटचा प्रश्न. धर्मसंस्थेने सरकारी धोरणावर इतके थेट बोलले तर अमेरिकेत करसवलत जात नाही का? आपल्याकडे ट्रस्टने असे काही केले तर लगेच नोटीस येईल.

टोकदार

तिथे रेषा वेगळ्या जागी आहे. करमुक्त संस्थेला उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करायला कायद्याने बंदी. कायद्याच्या किंवा धोरणाच्या प्रश्नावर मत मांडता येते, फक्त ते संस्थेच्या कामाचा मोठा हिस्सा होता कामा नये. म्हणून पत्रात 'रेगनला मत देऊ नका' कुठेही नाही, 'चाचणीबंदी करा' आहे. हेहिर संसदीय समित्यांपुढे साक्ष देत, तेही याच मोकळ्या जागेत. सिअ‍ॅटलचे आर्चबिशप हंटहाउसन यांनी १९८२मध्ये अर्धा आयकर भरायचाच नाकारला, ती गोष्ट वेगळी. ती वैयक्तिक सविनय कायदेभंगाची, परिषदेची भूमिका नव्हे.

ज्यांना मूळ पत्र वाचायचे आहे त्यांनी ३३९ परिच्छेद सरळ वाचत जाऊ नये, पहिल्या शंभरात दमून सोडून द्याल. आधी ८ ते १९ वाचा: अधिकाराच्या पातळ्या आणि दोन श्रोते. मग ८० ते १२१: युद्धाचे निकष आणि लगेच त्याला लागून अहिंसेची परंपरा. त्यानंतर १४२ ते १९९ एका बैठकीत, मधे थांबू नका, कारण वापर आणि धाक यांचा युक्तिवाद एकमेकांत अडकलेला आहे. बायबलचा भाग शेवटी घ्या. हेहिर यांनी तो पुढे ठेवला होता आणि त्याला कारण आहे, पण धोरणासाठी वाचणाऱ्याला उलटा क्रम सोपा जातो.

पाचूबंदर

क्रमाबद्दल असहमत. बायबलचा भाग शेवटी ठेवला की पत्र थिंक टँकच्या टिपणासारखे वाटते. आधी २७ ते ५५ वाचा, मग टोकदार यांचा क्रम धरा.